मागच्या चाकांचे सिरॅमिक ब्रेक पॅड : सेट घ्या, पण कागदावरचं चित्र बघून बसवू नका

पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते पुढे येईलच, पॅडच्या क्वालिटीशी त्याचा तसा संबंध नाहीये.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. मागे ड्रम असेल तर हा सेट तुमच्यासाठी नाहीच, ड्रममध्ये पॅड नसतात, शू असतात, आणि तरी लोक मागवतात, बसत नाही म्हणून परत करतात आणि वर एक स्टार देऊन जातात. डिस्क असली तरी हँडब्रेक कसला आहे ते बघून घ्या, केबलने थेट कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून पॅड दाबणारा भाग) दाबणारा आहे, बटणवाला इलेक्ट्रिक आहे, की डिस्कच्या मधल्या टोपीत वेगळे छोटे शू असलेला आहे, कारण पॅड बदलायचं अर्धं काम त्यावरच ठरतं.

"मागचे ब्रेक काय, नावालाच असतात" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं असेल. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे जातं त्यामुळे जास्त काम पुढचे ब्रेकच करतात हे खरंच आहे, म्हणून तर मागचे पॅड पण लहान आणि पातळ दिलेले असतात. पण आताच्या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर स्वतःहून मागचे ब्रेक लावत असतो. ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) आहे, ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून एकेका चाकाला ब्रेक लावणारी) आहे, चढावर गाडी धरून ठेवणारं हिल होल्ड आहे, क्रूझ कंट्रोल स्वतः ब्रेक मारणारा असला तर तो वेगळाच. मुळात पातळ पॅड आणि वर हे सगळं काम, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपतात आणि मालकाला वाटतं कोणीतरी फसवतंय. माझ्या गाडीचे पण मागचेच आधी गेले.

आता जुने पॅड काढल्यावर काय दिसलं ते सांगतो कारण या सेटचं खरं महत्त्व तिथेच कळतं. उजवीकडचे दोन्ही पॅड सारखे झिजलेले, छान. डावीकडे बाहेरचा पॅड निम्मा शिल्लक आणि आतला जवळजवळ लोखंडी पट्टीला टेकलेला. चाकाच्या फटीतून वाकून बघितलं तर बाहेरचाच पॅड दिसतो, आतला दिसतच नाही, म्हणजे फटीतून बघून "अजून बरेच आहेत" म्हणणाऱ्याला काहीच कळलेलं नसतं. कारण साधं होतं, कॅलिपरची स्लाइड पिन जाम. एकाच बाजूला पिस्टन (ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणारा दट्ट्या) असलेला कॅलिपर या पिनांवर सरकतो तेव्हाच तो बाहेरचा पॅड आत खेचतो, पिन अडकली की सगळं काम पिस्टनसमोरच्या एकट्या आतल्या पॅडवर येतं. अशा ठिकाणी नुसते नवीन पॅड टाकले की काही महिन्यांनी परत तेच होणार, आणि शिव्या खाणार पॅडची कंपनी.

म्हणून मला हा सेट आवडला. बॉक्समध्ये चार पॅड आहेतच, पण स्टीलच्या नवीन क्लिपांचा पूर्ण जोड आहे, पॅडच्या मागे शिम (आवाज कमी करणारी पातळ पट्टी) आधीच चिकटवलेली आहे, आणि ग्रीसचं छोटं पाकीट आहे. क्लिपा म्हणजे पॅडचे कान ज्यात सरकतात त्या पातळ पट्ट्या. स्वस्तातल्या सेटमध्ये या नसतात आणि मग जुन्याच क्लिपा परत लावल्या जातात, त्या सैल झालेल्या असतात किंवा त्यांच्या खाली गंज फुगून पॅड अडकवतो. नवीन क्लिप लावायच्या आधी खालचा गंज वायर ब्रशने पूर्ण घासून काढा, नुसती क्लिप दाबून बसवली तर पॅड इतका घट्ट बसतो की ब्रेक सोडल्यावर सुटतच नाही आणि चाक गरम होत राहतं. पॅड क्लिपमध्ये हाताने सरकला पाहिजे. हातोडी लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

पॅडच्या कडेला छापलेला कोड पण बघितला, एफएफ आहे. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं, आणि एफ म्हणजे घर्षणांक (पकड किती ते सांगणारा आकडा) ०.३५ ते ०.४५ च्या मध्ये. ई असेल तर ०.२५ ते ०.३५, जी असेल तर ०.४५ ते ०.५५. म्हणजे हा पॅड तापल्यावर पण त्याच रेंजमध्ये राहतो, रोजच्या गाडीला एवढं पुष्कळ झालं. या अक्षरांवरून पॅड किती टिकेल किंवा आवाज करेल का ते मात्र कळत नाही, त्यामुळे जी बघून उड्या मारू नका.

आता कापलेला स्टार. सोबत जो कागद येतो त्यात पिस्टन सी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या शिकंज्याने) दाबून आत ढकला असं चित्र आहे. अहो हा मागचा सेट आहे! केबलचा हँडब्रेक कॅलिपरमध्येच असलेल्या बऱ्याच गाड्यांत पिस्टन ढकलायचा नसतो, दाब देत देत फिरवत आत घालायचा असतो, कारण आत स्क्रूसारखी यंत्रणा असते. तिथे क्लॅम्प लावून जोर केला तर ती यंत्रणा बिघडते आणि पॅडच्या पैशात कॅलिपरचा खर्च येतो. बटणवाल्या हँडब्रेकला तर आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये टाकावी लागते, काही गाड्यांत बटण आणि पेडलच्या ठरलेल्या क्रमाने, काहींत स्कॅनर लावूनच, आणि मग मोटर स्पिंडल (पिस्टनला आतून दाबणारा स्क्रू) मागे घेते, त्यानंतरच पिस्टन आत जातो. हे सगळं कागदावर एका ओळीत लिहिता आलं असतं. पुढच्या पॅडचा कागद उचलून मागच्यात टाकलाय हे सरळ दिसतं.

पिस्टन फिरवायला मी वेगळा किट घेतला, त्याच्याबद्दल पण थोडं. बाजारात एक चौकोनी ठोकळा मिळतो, सहा बाजूंना वेगवेगळे खुंट असलेला, रॅचेटला लावायचा. स्वस्त आहे पण तो फिरवतो फक्त, दाबत नाही, दाब हाताने द्यायचा, आणि पिस्टन जरा कडक असला की खाचेतून निसटत राहतो. स्पिंडल आणि प्लेटांचा किट घ्या, तो फिरवता फिरवता दाबतो पण. बहुतेक पिस्टन घड्याळाच्या दिशेने आत जातात पण काही गाड्यांत एका बाजूचा उलटा असतो, म्हणून डाव्या आट्यांचा स्पिंडल पण असलेला किट बघा. फिरवताना पिस्टनभोवतीच्या रबराला पीळ बसत नाही ना तेवढं बघत राहा, आणि शेवटी पिस्टनवरची खाच अशी थांबवा की पॅडच्या मागचा उंचवटा तिच्यात बसेल. हे जुळलं नाही तर पॅड तिरका बसतो. पिस्टन आत जाताना ब्रेक ऑइल वर चढतं, टाकी काठोकाठ असेल तर आधी थोडं काढून घ्या, रंगावर सांडलं तर रंग जातो.

बाकी फिटिंगमध्ये नवीन काही नाही. सपाट जागा, पुढच्या चाकांना अडसर, हँडब्रेक सोडलेला, आणि गाडी जॅकवर नाही, स्टँडवर. कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लटकवू नका, तारेने बांधा. धूळ फुंकून किंवा हवेने उडवू नका, ब्रेक क्लीनर मारा. एका वेळी एकच बाजू उघडा म्हणजे कुठली क्लिप कुठे ते दुसऱ्या बाजूला बघता येतं. पिनांना सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा, साधं पेट्रोलियमवालं ग्रीस रबर फुगवतं आणि पिन परत जाम. एका पिनेवर रबरी बाही असेल तर ती ज्या भोकातून निघाली त्याच भोकात परत घाला. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा, अंदाजाने नको. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, मोजून बघा, त्याखाली गेली असेल तर नवीन पॅड टाकण्यात अर्थ नाही. आणि पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदला.

गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा! पिस्टन पूर्ण आत असतो, त्यामुळे पहिले काही दाब पोकळच जातात. मग हँडब्रेक बऱ्याच वेळा ओढून सोडा, केबलवाल्यात अंतर तसंच ॲडजस्ट होतं.

पहिल्या दिवशी ब्रेक जरा लांबून लागतात असं वाटेल, घाबरू नका. रिकाम्या रस्त्यावर ५०-६० च्या स्पीडवरून १० पर्यंत आठदहा वेळा मध्यम ब्रेक मारा, मध्ये थोडं चालवत राहा म्हणजे डिस्क थंड होते, आणि तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहू नका. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसायला हवा, तो बसला की पकड येते. माझ्या गाडीत यानंतर फरक स्पष्ट जाणवला, पेडल वर आलं, आवाज शून्य, आणि मागच्या अलॉयवर काळी भुकटी जवळपास दिसत नाही. आधीचे सेमी-मेटॅलिक (धातू मिसळलेले) होते, ते दर आठवड्याला रिम काळे करायचे. सकाळी थंडीत पहिला ब्रेक थोडा मऊ लागतो, एवढा एक फरक सिरॅमिकचा. घाटात सामान भरून सतत उतरणाऱ्याने किंवा ट्रेलर ओढणाऱ्याने सेमी-मेटॅलिकच घ्यावा, तो जास्त उष्णता सहन करतो.

मेंटेनन्स म्हणाल तर टायर रोटेशनला चाकं निघतातच, तेव्हा आतला पॅड बघा आणि पिना हाताने सरकतात का ते बघा. ३ मिलिमीटर उरले की बदलायचे, आवाज करणारी पट्टी डिस्कला घासून किंचाळेपर्यंत थांबू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, बऱ्याच कंपन्या दोन वर्षांनी बदला म्हणतात ते उगाच नाही, डॉट ४ ग्रेडचं ऑइल नवीन असताना किमान २३० अंश सेल्सियसला उकळतं, पाणी मुरलेलं असेल तर तीच मर्यादा १५५. धुतलेली गाडी बरेच दिवस उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, सपाट जागेवर गिअरमध्ये टाका आणि चाकाला अडसर लावा, नाहीतर पॅड गंजून डिस्कला चिकटतो. पावसानंतर डिस्कवर जो केशरी थर दिसतो त्याचं मात्र टेन्शन नको, दोनचार ब्रेकमध्ये जातो.

परत लागले तर हेच पॅड घेईन. फक्त ग्रीसची ट्यूब वेगळी मागवा, पाकिटातलं ग्रीस चौथ्या पिनेपर्यंत पुरत नाही.