पाकीट अस्सल, तारा नकली: गिटारच्या तारा मागवताना मी फसले ती गोष्ट

गिटारच्या तारा घरीच बदलत असाल आणि ऑनलाइन मागवत असाल, तर हे जरूर वाचा. मला डॅडारिओ या तारा बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने फॉस्फर ब्रॉन्झचा (तांब्याच्या मिश्रधातूची गुंडाळी असलेल्या तारांचा) नकली संच विकला गेला. कंपनीचा यात काडीचाही दोष नाही. तिचं पाकीट हुबेहूब छापून भलत्याच कुणीतरी आत भलताच माल भरला आणि एका विक्रेत्याने तो अस्सल म्हणून माझ्या गळ्यात मारला. किंमतही इतरांपेक्षा अगदी थोडीच कमी होती, त्यामुळे संशयाला जागाच नव्हती.

जुन्या तारा काढल्या, फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) कडांना साठलेला काळा मळ मऊ ब्रशने काढला, त्या पट्ट्या बसवलेल्या रोझवूडच्या फळीवर, म्हणजे फ्रेटबोर्डवर, तेलाचा हलका हात फिरवून कोरडं पुसलं आणि नव्या तारा चढवल्या. नव्या तारांचा जो खणखणीतपणा असतो, तो नव्हताच. जाड तारा तर बोथट वाजत होत्या. पहिली तार सुरात येण्याआधीच तिचा बॉल एंडजवळचा (टोकाला अडकवलेल्या धातूच्या छोट्या मण्याजवळचा) पीळ उसवत गेला आणि ती सपकन सुटली. सहा तारांचा मिळून ताण 70 किलोच्या आसपास असतो. अशी सुटलेली तार डोळ्याला लागली तर काय होईल, या विचाराने आजही राग येतो.

उरलेल्या तारा मोकळ्या सुरात लागत, पण वरच्या फ्रेटवर बेसूर. बाराव्या फ्रेटवर तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर, म्हणजे हार्मोनिक, आणि तिथेच दाबून काढलेला सूर जुळायला हवेत. माझ्याकडे तिसरी आणि चौथी तार चांगलीच चढी बोलत होती. तारेची जाडी किंवा जाड तारेच्या गाभ्यावरची बारीक तारेची गुंडाळी सगळीकडे सारखी नसली की असं होतं. पण हे चटकन लक्षात कुणाच्या येतं? आपण तारा जिथे टेकतात त्या दोन टोकांच्या पट्ट्यांवर, म्हणजे सॅडलवर आणि नटवर, किंवा गिटारच्या मानेवर संशय घेतो. नवीन शिकणारा तर आपल्याला सुराचा कानच नाही असं समजून गिटार खाली ठेवेल. पैशांपेक्षा हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

खात्री पटली ती बॉल एंडवरून. या कंपनीच्या संचात सहाही तारा एकाच हवाबंद पिशवीत येतात आणि कुठली तार कोणती, हे बॉल एंडच्या रंगावरून कळतं: जाड ई पितळी, मग लाल, काळा, हिरवा, जांभळा आणि बारीक ई चंदेरी. माझ्या तारांचे रंग थापल्यासारखे होते आणि नखाने खरवडले की निघत होते. मग छाटलेल्या जाड तारेच्या टोकाची गुंडाळी उलगडून फक्त ती गुंडाळीची बारीक तार चुंबकाजवळ नेली. चटकन चिकटली. अख्खी तार चिकटतेच, तिचा गाभा पोलादी असतो. पण वरची गुंडाळी फॉस्फर ब्रॉन्झची, म्हणजे तांबं आणि कथलाची असेल, तर ती चिकटायला नको. इथे लोखंडी तारेला नुसता मुलामा दिला होता.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "तारा लावल्या म्हणजे वापरल्या, परत घेता येणार नाहीत." यांचा सगळा धंदा यावरच चालतो, कारण तार लावल्याशिवाय तिचा आवाज कळत नाही आणि लावली की तक्रारीचा हक्क गेला असं ते ठरवून टाकतात. मी तक्रार वर नेली, रंग खरवडल्याचा आणि चुंबकाचा व्हिडिओ जोडला, तेव्हा कुठे पैसे परत मिळाले.

तेव्हा पिशवी फोडतानाच व्हिडिओ करा, एकही तार खुंटीला लावण्याआधी बॉल एंड नीट बघा, आणि ज्या दुकानाला कंपनी स्वतः अधिकृत विक्रेता म्हणते तिथूनच घ्या. जुन्या तारा लगेच टाकू नका. नव्या संचावर शंका आली, तर त्याच पुन्हा चढवून बघा. माझी गिटार जुन्या तारांवर बाराव्या फ्रेटला बिनचूक सुरात होती.