लिंकनचं घर, स्प्रिंगफील्ड: राष्ट्राध्यक्ष राहू दे, वकील बघायला जा

आपल्यातल्या निम्म्या लोकांची लिंकनशी ओळख शाळेच्या भिंतीवरच्या त्या फ्रेममधून झालेली असते, हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र, माझ्या मुलाला हे शिकवा अन् ते शिकवा. ते पत्र लिंकननं लिहिल्याचा काहीही पुरावा नाही. खरा बाप कसा होता ते बघायचं असेल तर शिकागोहून आय-५५ हायवे धरा, तीन-साडेतीन तासांत इलिनॉयमधलं स्प्रिंगफील्ड येतं, तिथे आठवा रस्ता आणि जॅक्सन रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याचं घर आहे. आयुष्यात स्वतःच्या मालकीचं त्याचं हे एकच घर.

आम्ही आईबाबांना घेऊन गेलो होतो. बाबांची सगळी नोकरी तालुका कोर्टात, नाझर म्हणून रिटायर झाले, त्यामुळे गुलामगिरी, युद्ध वगैरेपेक्षा त्यांना या माणसाची प्रॅक्टिस कशी चालायची यातच जास्त इंटरेस्ट.

टूर फुकट आहे, व्हिजिटर सेंटरमधून तिकीट घ्यायचं आणि रेंजरबरोबर, म्हणजे तिथल्या सरकारी गाईडबरोबर, आत जायचं. थोरल्या मुलानं, रॉबर्टनं, १८८७ मध्ये घर सरकारला दिलं ते याच अटीवर की बघायला येणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत. घर घेतलं १८४४ मध्ये, १२०० डॉलर रोख आणि वर गावातली एक जागा, आणि विकणारा कोण तर दोन वर्षांपूर्वी यांचं लग्न लावणारा पाद्रीच! तेव्हा घर दीडमजली होतं, वरचा पूर्ण मजला १८५६ मध्ये चढवला. जिना चढताना कठड्याला हात लावा, तो मूळचा आहे, बाकी वस्तूंना लावू देत नाहीत. वर त्याच्या खोलीत एक लिहायचं टेबल आहे, इतकं बारकं की सहा फूट चार इंचांचा माणूस तिथे गुडघे कुठे ठेवत असेल देव जाणे. खाली बैठकीच्या खोलीत मुलांची खेळणी जमिनीवर टाकलेली, आणि हा गृहस्थ पण बऱ्याचदा जमिनीवरच आडवा पडून मोठ्यानं पेपर वाचायचा म्हणे.

मुलं चार. एडी या घरातच गेला, १८५० मध्ये, चार वर्षांचाही नव्हता. विली आणि टॅड इथेच जन्मले आणि त्यांचे जे लाड झाले ते विचारू नका. रविवारी बाप त्यांना ऑफिसात घेऊन जायचा, पोरं कागद फेकणार, शाई सांडणार, राख उडवणार आणि बापाचं काम निवांत चालू. वकिलीतला पार्टनर हर्नडन मनातल्या मनात दात-ओठ खायचा. म्हणजे भिंतीवरचा तो शिस्तीचा बाप आणि हा, काही मेळच नाही! आणि रॉबर्टची आठवण तर अशी की लहानपणी वडील घरी नसायचेच. कारण कोर्ट फिरतं होतं, जज आणि वकील मंडळी वसंतात एकदा अन् शरदात एकदा घोड्यावर नाहीतर बग्गीतून गावोगाव जायची, आठ-दहा आठवडे गायब. बायको मेरीबाईंच्या तापट स्वभावाबद्दल लोक भरपूर बोलतात, पण स्वयंपाकघरातली ती चूल बघून आई म्हणाली, एकटीनं पोरं सांभाळायची म्हटल्यावर आणखी काय होणार.

मला जास्त आवडलं ते सहावा आणि ॲडम्स रस्त्याच्या कोपऱ्यावरचं ऑफिस. ते घराच्या तिकिटात येत नाही, ती जागा वेगळी, वेळा आधी बघून जा. केस वीस डॉलरच्या आतबाहेर फीच्या, उधारी, जमीन, शेजाऱ्यांची भांडणं, जवळजवळ २५ वर्षं हेच, आणि अशा ५००० च्या वर केस. महत्त्वाचे कागद कुठे, तर उंच हॅटमध्ये. एका गठ्ठ्यावर लिहिलेलं, दुसरीकडे कुठे सापडलं नाही तर इथे बघ! हे ऐकून बाबा इतके हसले की गाईडनं वळून बघितलं, म्हणाले आमच्या कोर्टासमोर असे दहा वकील दाखवतो.

पण फीचा किस्सा ऐकून गप्प झाले. १८५६ मध्ये एका अशिलानं २५ डॉलर पाठवले, यानं १५ ची पावती दिली आणि १० ची नोट परत धाडली, की एवढ्या कामाला १५ पुरेत. म्हणजे भोळा होता असं समजू नका, पुढच्याच वर्षी इलिनॉय सेंट्रल रेल्वेनं फी द्यायला खळखळ केली तेव्हा सरळ ५००० डॉलरचा दावा ठोकून ४८०० वसूल केले. वकिलांसाठी त्यानं टिपणं काढली होती त्यात म्हणतो, लोकांना कोर्टात जाण्यापासून परावृत्त करा, तडजोड करायला लावा, जिंकणारासुद्धा बऱ्याचदा फी, खर्च आणि वेळ यात हरतो. बाबांनी ते मोबाईलवर फोटो काढून गावाकडच्या ग्रुपवर टाकलं, जिथे आमच्याच भावकीचा बांधाचा दावा अजून तारखा खातोय. कुणी अंगठासुद्धा दिला नाही.

घर वीस-पंचवीस मिनिटांत बघून होतं, त्यामुळे आजूबाजूच्या गल्ल्यांतून सावकाश फिरा, चारही ब्लॉक गाड्यांना बंद आहेत, म्हातारी माणसं आरामात चालतात. माझ्याकडून पाचपैकी पाच. जेवणाचं मात्र बघून घ्या, इथला फेमस हॉर्सशू म्हणजे ब्रेडवर बीफचा किंवा हॅमचा थर, त्यावर फ्रेंच फ्राईज आणि वरून चीज सॉस. एका ठिकाणी आईसाठी व्हेज सांगितलं तर नुसता ब्रेड, फ्राईज आणि सॉस आला, पैसे तेवढेच. पोळी-भाजी सोबत न्या.