खिडकीचे पैसे दिले, भिंत मिळाली

पाचपैकी दोन तारे. तेही केबिन क्रूमधल्या एका मुलीमुळे.

आई आणि मी, एकाच पीएनआरवर विमानाची दोन तिकिटं. सीटच्या नकाशावर जवळजवळ प्रत्येक चौकोनावर किंमत. फुकटात काय, तर शेपटाकडच्या मधल्या सीटा. 'स्किप'चं बटण इतकं फिकट की मला चष्मा पुसावा लागला. आईला दोन अनोळखी माणसांच्या मध्ये कोंबायचं जिवावर आलं, म्हणून दिले पैसे. तिला 11ए, खिडकी, मी शेजारी.

आत जाऊन बघतो तर 11ए ला खिडकीच नाही! नुसती कोरी भिंत. बोइंग 737 मध्ये एसीची नळी पंखाच्या जरा पुढे भिंतीतून वर जाते, म्हणून तिथे खिडकी नसते, हे मला नंतर कळलं. कंपनीला आधीपासून माहीत असणारच ना? तरी नकाशावर ठसठशीत 'विंडो'. आई म्हणाली, "अगं, भिंतच बघायची तर घरी चार आहेत."

कस्टमर केअरचं उत्तर एका ओळीचं: सीट शुल्क परत मिळत नाही.

परतीला हट्टाने एक पैसाही दिला नाही. वेब चेक-इन उघडल्या उघडल्या केलं, तरी आई 9बी आणि मी 27ई. विमानात त्या क्रूच्या मुलीने आईशेजारच्या तरुणाला विचारलं, तो हसत उठून माझ्या जागी गेला. जे काम दोन वाक्यांत फुकट झालं, त्याचेच जाताना आम्ही पैसे मोजले होते.