खिशातला इको प्रोब: उजव्या हृदयावरचा ताण याच्यावर किती दिसतो?

टॅब्लेटला वायरने जोडायचा, हृदयाची सोनोग्राफी (इको) करणारा सेक्टर प्रोब. बी-मोड (हलतं चित्र), कलर (रक्ताचा प्रवाह रंगात) आणि एम-मोड (एका रेषेवरची हालचाल) आहे. पल्स्ड किंवा कंटिन्युअस वेव्ह डॉप्लर, म्हणजे रक्ताचा वेग मोजायची सोय, नाही. पुण्याच्या पेठांमधल्या दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये, जिथे संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये कार्डिऑलॉजिस्टला विद्यापीठ चौक पार करून यावं लागतं, तिथे हा प्रोब एका कामासाठी जरूर घ्यावा: पेशंटला अचानक दम लागलाय, बीपी घसरलंय आणि पल्मनरी एम्बोलिझमची (फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकून उजव्या हृदयावर ताण येण्याची) शंका आहे.

चित्र स्वच्छ येतं. पॅरास्टर्नल शॉर्ट ॲक्सिसमध्ये (हृदयाच्या आडव्या छेदात) सेप्टम (मधली भिंत) चपटा होऊन एलव्हीचा (डाव्या जवनिकेचा) आकार इंग्रजी 'डी'सारखा झालेला सहज ओळखू येतो. चार कप्प्यांच्या व्ह्यूत मॅकॉनेल साइनही दिसते: आरव्हीच्या (उजव्या जवनिकेच्या) बाहेरच्या भिंतीचा मधला भाग थिजलेला, टोक मात्र जोरात हलतंय. आरव्ही इन्फार्क्टमध्येही (उजव्या जवनिकेच्या हार्ट अटॅकमध्ये) असंच दिसू शकतं, म्हणून ईसीजी शेजारी हवाच.

घोळ होतो तो मापात. प्रोब छातीच्या मधल्या हाडाकडे सरकला की आरव्ही उगाच मोठा दिसतो. पेशंटला डाव्या कुशीवर घ्या, प्रोब एपेक्सवर (हृदयाच्या टोकावर) ठेवा, सेप्टम स्क्रीनच्या मधोमध उभा आणा, मगच मोजा. ईसीजीची लीड नसल्यामुळे फ्रेम मागेपुढे करून मायट्रल झडप नुकतीच मिटलेली फ्रेम शोधावी लागते. तिथे आरव्ही-एलव्हीच्या रुंदीचं गुणोत्तर १ च्या वर गेलं तर ते गंभीर समजा. टॅप्सी (आकुंचनात ट्रायकस्पिड झडपेची कड टोकाकडे किती सरकते ते माप) १६ मिमीपेक्षा कमी आली तर आधी एम-मोडची रेषा तपासा. ट्रायकस्पिडची कड रेषेला तिरकी हलत असेल तर आकडा खोटाच कमी येतो.

खरी उणीव डॉप्लरची. ६०/६० साइन (फुप्फुसाच्या धमनीतला प्रवाह ६० मिलिसेकंदांच्या आत शिखर गाठतो, पण ट्रायकस्पिड गळतीचा ग्रेडियंट, म्हणजे दाबातला फरक, ६० मिमी एचजीच्या खालीच राहतो) यावर निघतच नाही, आणि तीच ताण आजचा की जुना हे सांगायला मदत करते: पातळ भिंतीच्या आरव्हीला एकाएकी ६० मिमी एचजीच्या वरचा ग्रेडियंट पेलत नाही. कलर जेट (रंगात दिसणारी गळतीची धार) मोठा दिसला म्हणून दाब जास्त, असं अजिबात धरू नका. त्याऐवजी सबकॉस्टल (फासळ्यांखालच्या) व्ह्यूत डायस्टोलच्या (हृदय सैल होण्याच्या) शेवटी आरव्हीची भिंत मोजा. ती ५ मिमीच्या वर असेल तर ताण बहुधा जुना. सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुन्या आजाराच्या) पेशंटमध्ये हे एक माप फार उपयोगी पडतं.

बीपी स्थिर असलेल्या पेशंटचा इको नॉर्मल आला तरी एम्बोलिझम नाही असं म्हणता येत नाही, सीटी अँजिओ लागतोच. शॉकमधल्या पेशंटचा आरव्ही मात्र नॉर्मल दिसला, तर शॉकचं कारण दुसरीकडे शोधा.

आणि खरेदीआधी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा) नोंदणी. प्रोब खिशात मावत असला तरी कायद्याच्या लेखी ते सोनोग्राफी मशीनच आहे. नोंदवलेल्या जागेतच वापरायचं. बॅगेत टाकून दुसऱ्या हॉस्पिटलच्या कॉलवर नेता येत नाही.