मुधोळसाठी १० मीटरचं दावं: नायलॉन की कोटिंगवालं?

कुत्र्याला नैसर्गिक जगणं द्यायचं म्हटलं की बहुतेक जण आधी त्याचं खाणं बदलतात. पण बेळगावात टिळकवाडीच्या फ्लॅटमधल्या मुधोळ जातीच्या शिकारी कुत्र्याला खरी उणीव असते ती हुंगत, आपल्या चालीनं हिंडण्याची. दीड मीटरच्या पट्ट्यात ते जमत नाही. मोकळं सोडावं, तर ससा दिसल्यावर तो हाकेला थांबत नाही. म्हणून लांब दावं.

नायलॉनचं स्वस्त पडतं, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात ते पाणी पितं, जड होतं, दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतं. शिवाय हातातून सरकलं की तळवा भाजतो. पॉलिस्टर पट्टीवर प्लास्टिकचं कोटिंग असलेलं दावं महाग असलं तरी तांबडा चिखल ओल्या फडक्यानं निघून जातो. पंचवीस किलोच्या आसपासच्या मुधोळला १३ मिमी रुंदीचं घ्या. त्याहून बारीक हातात रुततं. घेताना कडीजवळची घडी वाकवून बघा. कोटिंगला भेग दिसली तर परत करा, पट्टी तिथूनच तुटते. स्प्रिंगवालं गुंडाळी दावं मात्र नकोच. त्याचा ताण सतत राहतो, त्यामुळं कुत्रा ओढायलाच शिकतो.

दावं गळपट्ट्याला कधीही अडकवू नका. मुधोळ चार उड्यांत वेग घेतो आणि १० मीटरच्या टोकाला बसणारा हिसका थेट मानेवर येतो. डोकं निमुळतं असल्यानं तो साध्या हार्नेसमधूनही, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्यांमधूनही, मागं सरकून निसटतो. बरगड्यांच्या मागं, कंबरेशी दुसरा पट्टा असलेला हार्नेस हवा. हाताला दाव्याचा वेढा घेऊ नका. हातमोजे घाला, दोन-तीन मीटर सैल धरा, बाकीचं जमिनीवर घसटू द्या. तो टोकाकडं निघाला की मुठीतून सरकू देत हळूहळू आवळा, एकदम थांबवू नका. हाताकडच्या टोकाचा फास कापून टाका, झुडपात तोच अडकतो.

येळ्ळूर, शहापूरच्या शिवारात भातकापणी झाल्यावर जागा भरपूर असते, पण धसकटं पायात घुसतात आणि पुढं मसूर पेरलेला असतो. बांधावरूनच फिरवा, तेही शेतकऱ्याला विचारून. अर्धा तास मनसोक्त हुंगू दिलं तरी पुरतं.

घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या, कानामागं आणि शेपटीखाली गोचीड शोधा, कुसळंही काढा. नंतरच्या दिवसांत ताप आला, खाणं सुटलं किंवा हिरड्या फिकट दिसल्या, तर गोचीडतापासाठी त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.