स्टॅनले पार्क: समुद्रभिंतीच्या पलीकडे पाहावे असे उद्यान

कॅनडातील व्हँकुव्हर शहराच्या स्टॅनले पार्कमध्ये येणारे बहुतेक जण किनाऱ्याला लागून बांधलेल्या समुद्रभिंतीवरून एक फेरी मारतात, छायाचित्रे काढतात आणि उद्यान पाहून झाले असे समजून परततात. ही फेरी सुरेखच आहे; परंतु १८८८ साली खुल्या झालेल्या सुमारे ४०० हेक्टरांच्या या उद्यानाचा तो केवळ काठ आहे. मला हे उद्यान अतिशय आवडते, आणि त्याचे खरे कारण आतल्या जंगलात व ओहोटीनंतर उघड्या पडणाऱ्या खडकांवर आहे.

आधी भिंतीविषयी. लाटांनी किनारा झिजू नये म्हणून १९१७ मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले. जेम्स कनिंगहॅम या गवंड्याने आपल्या आयुष्याची तीन दशके या एकाच कामाला दिली, आणि उद्यानाभोवतीचा सुमारे ९ किलोमीटरांचा वळसा अखेर १९७१ मध्ये पूर्ण झाला. वाट जवळजवळ सपाट असल्याने वयस्कर मंडळींना आणि बाबागाडी घेऊन येणाऱ्यांनाही ती सोयीची आहे. सायकलींची मार्गिका वेगळी असून त्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच जातात. मात्र काही ठिकाणी भिंत चिंचोळी होते आणि उन्हाळ्यातील शनिवार-रविवारी तेथे एवढी गर्दी असते की निवांत चालणे अवघड जाते. पश्चिम किनाऱ्यावर समुद्रात उभा असलेला सिवॉश रॉक हा सुळका पाहण्यासाठी अवश्य थांबावे. भोवतालचा मऊ वालुकाश्म लाटांनी खाऊन टाकला आणि ज्वालामुखीतून आलेला कठीण खडक तेवढा उरला, असे भूशास्त्र सांगते. येथील मूळनिवासी स्क्वामिश लोकांच्या परंपरेनुसार तो निःस्वार्थी वृत्तीबद्दल अमर झालेला एक पुरुष आहे. थर्ड बीचच्या आसपास ओहोटी लागली की खडकांना चिकटलेले बार्नेकल हे कवचधारी जीव आणि शिंपले उघडे पडतात व त्यांच्या खालच्या ओल्या फटींत लहान खेकडे दिसतात. म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ठेवावे. हिवाळ्यात याच शिंपल्यांसाठी सर्फ स्कोटर आणि बॅरोज गोल्डनआय ही समुद्री बदके किनाऱ्यालगत बुड्या मारत असतात, आणि मधूनच एखादा सील पाण्याबाहेर डोके काढून चालणाऱ्यांकडे बराच वेळ पाहत राहतो.

तरीही एकच वाट निवडायची झाली, तर मी आतली निवडेन. जंगलात सुमारे २७ किलोमीटरांच्या पायवाटा आहेत आणि भिंतीवरच्या गर्दीतले फारच थोडे लोक तिकडे वळतात. रेड सीडर, डग्लस फर आणि हेमलॉक या वृक्षांच्या छायेत, नेच्यांच्या दाटीतून चालताना जागोजागी तोडलेल्या झाडांचे प्रचंड बुंधे दिसतात. ते नीट न्याहाळावेत. माणसाच्या छातीच्या उंचीवर त्यांना समोरासमोर दोन आयताकृती खाचा असतात. एकोणिसाव्या शतकात लाकूडतोडे त्या खाचांत फळ्या ठोकून त्यांवर उभे राहत आणि बुंध्याचा फुगीर तळ सोडून वरून करवत चालवीत. आज त्याच कुजक्या बुंध्यांवर हेमलॉकची झाडे रुजली आहेत आणि त्यांची मुळे जुन्या लाकडाला कवटाळून जमिनीत उतरली आहेत. तुटलेल्या जंगलावरच नवे जंगल कसे उभे राहते, हे एवढ्या जवळून आणि एवढ्या सहजपणे दाखवणारी जागा मोठ्या शहरात क्वचितच मिळेल.

या जंगलाची एक मोठी उणीव सांगितलीच पाहिजे: लायन्स गेट पुलाकडे जाणारा महामार्ग उद्यानाच्या मधून जातो आणि वाहनांचा आवाज बीव्हर लेकच्या वाटेवरही पुरता थांबत नाही. हे तळे कमळांनी व्यापत चालले आहे, पण बीव्हर, बदके आणि रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड हे पक्षी यांच्यासाठी तेथे संध्याकाळी जावे.

वसंत ऋतूत आल्यास बीच अव्हेन्यूजवळ, टेनिस कोर्टांच्या बाजूला, निळ्या बगळ्यांची वसाहत चुकवू नये. २००१ पासून ते येथे वर्षानुवर्षे घरटी करीत आले आहेत. नर चोचीत काटकी घेऊन येतो, मादी ती मान लांब करून स्वीकारते आणि घरट्यात बराच वेळ इकडून तिकडे खोचत बसते. हे सारे रस्त्यावरून, माणसांच्या वर्दळीत उभे राहून दिसते. रॅकून या झाडावर चढणाऱ्या प्राण्यांनी अंडी खाऊ नयेत म्हणून झाडांच्या खोडांना धातूचे पत्रे गुंडाळलेले आहेत. गरुडांपासून मात्र बचाव नाही.

प्राण्यांना खाऊ घालू नये, हा येथील नियम अत्यंत गांभीर्याने घ्यावा. डिसेंबर २०२० ते सप्टेंबर २०२१ या काळात कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्यांनी ४५ जणांवर हल्ले केले आणि त्यानंतर अनेक कायोटी ठार करावे लागले. माणसाच्या हातून अन्न मिळू लागले की त्यांची भीड चेपते. रॅकूनला बिस्किटाचा तुकडा देऊन छायाचित्र काढणारे पर्यटक मला आजही दिसतात, आणि त्याची किंमत पुढे त्या प्राण्यालाच मोजावी लागते, याचे फार वाईट वाटते.

अलीकडे जंगलाचे रूपही बदलले आहे. हेमलॉक लूपर या पतंगाच्या अळ्यांनी पाने खाल्ल्यामुळे सुमारे १ लाख ६० हजार झाडांना फटका बसल्याचा अंदाज असून, वाळलेली झाडे कोसळण्याचा व वणव्याचा धोका टाळण्यासाठी २०२३ पासून तोड सुरू झाली. त्यामुळे काही पायवाटा अधूनमधून बंद असतात. निघण्यापूर्वी तेवढी चौकशी करावी. उद्यानात प्रवेश विनामूल्य आहे, वाहनतळाला मात्र पैसे पडतात. बसने किंवा शहरातून चालत येणे अधिक सोयीचे. सकाळी लवकर लॉस्ट लगून या शहराकडच्या बाजूच्या तळ्यापासून आत शिरून जंगलातून थर्ड बीचला उतरावे आणि ओहोटी साधून भिंतीवरून परत यावे, हा क्रम मी प्रत्येकाला सुचवेन.