ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल), अकरा महिन्यांनंतर: केक उत्तम, पण बल्बवर माझा राग आहे

फीचर्स सगळ्यांना माहितीच आहेत, 40 लिटर, वर-खाली कॉइल, पंखा, 60 मिनिटांचा टायमर, ते परत लिहीत बसत नाही. आज लिहायला बसलो ते आतल्या बल्बमुळे. हो, बल्ब. 15 वॅटचा, अंगठ्याएवढा. दहाव्या महिन्यात गेला आणि त्याच्यापायी मी तीन आठवडे कस्टमर केअरशी भांडलो, बायको म्हणाली इतकं तर तू ऑफिसात प्रमोशनसाठीपण भांडला नव्हतास.

फोनवरची मुलगी म्हणे, "सर, बल्ब वॉरंटीत येत नाही." बरं, विकत द्या. "सर, सुटा बल्ब मिळत नाही, पूर्ण लॅम्प असेंब्ली घ्यावी लागेल." मग असेंब्ली वॉरंटीत आहे का? "नाही सर." शेवटी टेक्निशियन आला, मोबाईलचा टॉर्च मारून आत बघितलं आणि म्हणाला, "काका, बल्ब नसला तरी केक होतोच की, अडतंय कुठे?" आणि व्हिजिट चार्ज घेऊन गेला.

त्या पोराचं चुकलं नाही म्हणा. केक होतोच.

पण ओव्हन घेताना मी दुकानात एकच गोष्ट विचारली होती, दिवा शेवटपर्यंत चालू राहतो ना? काही मॉडेलमध्ये दिवाच नसतो, याच्यात बेकिंग संपेपर्यंत राहतो म्हणून हा घेतला. टेक्निकल कारण सांगायचं तर दार उघडून बघितलं की आतलं तापमान धाडकन उतरतं, माझ्या थर्मामीटरवर 25-30 डिग्री, आणि मधला भाग सेट व्हायच्या आधी ते झालं की केक मध्ये बसतो. दिवा असला की काचेतून दिसतं.

दुसरं कारण आमचा धाकटा. जुन्या छोट्या ओव्हनसमोर तो फरशीवर मांडी घालून बसायचा, काचेला नाक लागेल इतका जवळ, मी ओरडायचो चटका बसेल, आणि त्याची कॉमेंट्री चालू. "हलला. फुगला. बाबा, काठावर आला, आला, आला!" नऊ वर्षांचा होता. गेला त्याला येत्या पावसाळ्यात दोन वर्षं होतील. त्यानंतर सात-आठ महिने ओव्हन झाकून ठेवलेला, मग एका रात्री घाईघाईत कुणाला तरी देऊन टाकला आणि सकाळी पस्तावलो. फेब्रुवारीत थोरलीचा वाढदिवस आला, ती म्हणाली विकतचा केक नको, म्हणून हा आणला.

पहिल्या चार महिन्यांत मी याला 2 स्टार दिले असते. अवाढव्य वाटायचा. 40 लिटर आणि खाणारी तीन माणसं, त्यातली एक डाएटवर. 8 इंची टिनातला केक चौथ्या दिवशी वाळायला लागायचा, आणि अन्न टाकणं मला जमत नाही, मग तो मीच संपवायचो. शेवटी 6 इंची टिन आणला. कुणाला उपयोग होईल म्हणून सांगतो, 8 वरून 6 वर आलात की साहित्य निम्म्याहून जरासंच जास्त लागतं (36 भागिले 64). पण तीन अंड्यांचं निम्मं दीड अंडं. फेटायचं, वजन करायचं, अर्धं घ्यायचं, एक अंडं टरफल सोडून साधारण 50 ग्रॅम धरा. गणित म्हणून यात काही अवघड नाही. पण ते उरलेलं अर्धं अंडं वाटीत दिसायचं ना, ते मला बघवायचं नाही. दोन-तीनदा सगळं बेसिनमध्ये ओतून किचनमधून निघून गेलोय. याला ओव्हन जबाबदार नाही, पण अनुभव लिहायचाय तर हा पण लिहिला पाहिजे.

आता मत का बदललं ते. मूल गेलेल्या आईवडिलांचा एक गट आहे, महिन्यातून एकदा शनिवारी भेटतात. बायको आधी जायला लागली. मी तिला सोडायचो आणि खाली गाडीत बसून राहायचो, मला रडारड ऐकायची नव्हती. जूनमध्ये असाच उरलेला अर्धा केक तिच्याकडे डब्यात दिला. ती परत आली आणि म्हणाली, "सगळे विचारत होते कुणी केला, आता तूच ने पुढच्या वेळी." नेला. दारातूनच परत फिरणार होतो तेवढ्यात एकाने हात धरून विचारलं, "तुमच्या केकचा तळ करपत कसा नाही हो? माझा नेहमी करपतो." अर्धा तास आम्ही दोघं टिनांवर बोललो. काळा टिन उष्णता जास्त ओढतो, तापमान 10-15 डिग्री कमी ठेवा, जाळी मधल्या खाचेत लावा, पंखा चालू असेल तर अजून 20 कमी. मग त्याने तसंच, त्याच आवाजात सांगितलं की त्याची मुलगी सोळाची होती. मी पण सांगितलं. बाहेर "तुम्हाला मुलं किती?" विचारलं की माझी जीभ अडकते, एक म्हणू की दोन. तिथे दोन म्हणालो आणि कुणाचा चेहरा बदलला नाही.

तेव्हापासून 40 लिटर कमी पडतंय! दर महिन्याला अठरा-वीस माणसं, दोन 8 इंची टिन एकावेळी. वर आणखी वाढदिवस. एका ताईंनी चाचरत विचारलं, पुढच्या शनिवारी माझ्या लेकीला बारा पूर्ण झाली असती, लिंबाचा केक आवडायचा तिला, कराल का? वर काय लिहू विचारलं तर म्हणाल्या फक्त नाव. लिहिलं. कापायची वेळ आली आणि सुरी कुणी हातात घेईना, नावावरून सुरी कोण फिरवणार. मग एका आजींनी कडेकडेने कापायला सुरुवात केली, चारही बाजूंनी, आणि मध्ये नावाचा तेवढा तुकडा राहिला. तो त्या ताईंनी डब्यात घालून घरी नेला. आता किचनच्या कॅलेंडरवर सतरा तारखा आहेत, थोरलीने लिहिल्यात, प्रत्येकापुढे कुठला केक ते पण. आमची पण त्यात आहे, चॉकलेट.

म्हणजे कपॅसिटीला 5 पैकी 5, माझे जुने शब्द मागे.

थर्मोस्टॅट मात्र खोटारडा आहे. नॉब 180 वर आणि थर्मामीटर आत 200 दाखवतो. या साध्या थर्मोस्टॅटमध्ये कॉइल चालू-बंद होत राहते, तापमान वर-खाली होणारच, म्हणून एकदा बघून ठरवू नका, अर्धा तास दर पाच मिनिटांनी बघा. मी 160 वर ठेवतो, 180 मिळतं. वेगळा थर्मामीटर घ्याच, कंजूषपणा तिथे करू नका, हे मी सांगतोय म्हणजे विचार करा.

तर बल्ब. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी जगभर संध्याकाळी 7 वाजता, प्रत्येक जण आपापल्या घड्याळाने, गेलेल्या मुलांसाठी मेणबत्ती लावतात, म्हणजे एका ठिकाणची विझते तेव्हा पुढच्या ठिकाणी लागते. कम्पॅशनेट फ्रेंड्स नावाची संस्था आहे, 1969 मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत सुरू झाली, तिच्या अमेरिकेतल्या लोकांनी 1997 पासून हे चालू केलं. आमचा गट पण करतो. त्या दुपारी दोन टिन आत होते, थोरली फरशीवर बसली होती, मांडी घालून, मला सवय नव्हती तिला तिथे बघायची, आणि टिक झालं, आत अंधार. ती काहीच बोलली नाही. उठून टॉर्च घेऊन आली आणि पुढची वीस मिनिटं काचेवर धरून बसली.

म्हणून भांडलो मी तीन आठवडे. सर्व्हिसवाल्यांना हे सांगितलं नाही, त्यांना वॉरंटीचं कलमच वाचून दाखवत बसलो.

शेवटी स्वतःच बदलला. ज्यांचा गेलाय त्यांच्यासाठी: प्लग काढा, ओव्हन पूर्ण थंड होऊ द्या, काचेची टोपी डावीकडे फिरवली की निघते (घट्ट असेल, रबरी हातमोजा घाला). आत बारीक आट्यांचा, ई14 होल्डरचा बल्ब आहे. बदली बल्ब 300 डिग्री सोसणारा ओव्हनचाच पाहिजे, घरातला एलईडी अजिबात लावू नका, त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स तेवढी उष्णता सोसत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात सुटा मिळतो, असेंब्लीच्या दहाव्या हिश्शात. मी तीन घेतले, दोन ड्रॉवरमध्ये आहेत.

एकूण 4 स्टार. एक सर्व्हिसचा कापला, आणि तो मी परत देणार नाहीये. दोन टिन एकदम ठेवणार असाल तर वरचा आधी लाल होतो, 25 मिनिटांनी वरखाली करा. आणि कॉर्ड फार आखूड आहे, घ्यायच्या आधी प्लगपर्यंतचं अंतर मोजा.